दे म्हटलं तरी द्यायचं नाही

नको, नको, खुर्ची नको, तुम्ही बसा निवांत, मी आपली इथे डॉक्टरांच्या दाराशीच उभी राहते... अहो, संकोच कसला त्यात! बसता येत असतं तर मी काय हौस म्हणून चौकट धरून उभी राहिले असते? बसायला गेले की उजवा खुबा म्हणतो, थांब. उठायला गेले की डावा गुडघा म्हणतो, आधी मी. आणि या दोघांच्या भांडणात मी ही अशी, पाऊण वाकलेली, जमिनीवर पडलेली सुई शोधता शोधता कोणीतरी मागून हाक मारावी तशी! बरं, आता आत गेल्यावर डॉक्टरांना सांगू काय, ते तुम्हीच सांगा मला. 'काय झालं आजी, पाय घसरला का?' नाही. 'जड काही उचललंत का?' नाही. 'मग?' मग काय... आईस हॉकी!

हसा. हसून घ्या. कंपाउंडरही हसला, नाव लिहिता लिहिता त्याच्या हातातलं पेन खाली पडलं, आणि ते उचलून द्यायला मी सवयीने वाकले तर वरच येईना! पण मी तुम्हाला सांगते, आयुष्यभर मी कोणाच्या वाटेत उभी राहिले नाही. चौऱ्याहत्तर वर्षं! जिन्यावर कोणी वरून येत असेल तर मी खालीच थांबणार, दुकानात कोणी मागून आलं तर 'तुमचं होऊ द्या आधी' म्हणणार, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात सूनबाई आली तर मी भिंतीला अशी चिकटते की तिला वाटतं खुंटीला टांगलेला एप्रनच आहे. आणि तेच वळण मी माझ्या नातीला लावलं. तिथेच तर सगळं बिनसलं.

नात तेरा वर्षांची. तिला सगळे मुंगी म्हणतात. मला स्वतःला टोपणनावं मुळीच पसंत नाहीत, माणसाला नाव ठेवलेलं असतं ते हाक मारण्यासाठीच, पण शाळेत मुंगी, शेजारी मुंगी, तिच्या आईबापांच्या तोंडी मुंगी, मग मी एकटीने पूर्ण नावाने हाक मारली की ती दचकते आणि विचारते, 'आजी, माझं काय चुकलं?' तेव्हा मुंगी. मुलगा आणि सूनबाई दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे ही वाढली माझ्या हाताखाली. आणि मी जुनी मॅट्रिक आहे, माझ्याकडे ढिलाई नाही! दारात कोणी भेटलं तर आधी त्यांना जाऊ द्यायचं. ताटलीतला शेवटचा घास उचलण्याआधी चार जणांना विचारायचं. धक्का लागला तर सॉरी म्हणायचं, धक्का त्यांचा असला तरी आपण म्हणायचं. आणि कोणी काही मागितलं की द्यायचं, हसून द्यायचं. शाळेने तिला 'सर्वांत विनयशील विद्यार्थिनी' असं प्रशस्तिपत्रक दिलं, ते मी चौकटीत बसवून पॅसेजच्या भिंतीवर लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर. अभिमान हो! माणसाला असतो.

आणि दोन वर्षांपूर्वी शाळेने या पोरींना सहलीला नेलं ते कुठे, तर बर्फाच्या मैदानावर. बाग नाही, वस्तुसंग्रहालय नाही, बर्फ! मुंगी तिथून परत आली ती पार वेडी होऊनच. पायात त्या धारदार पात्यांचे बूट, अंगावर गाद्या बांधल्यासारखा पोशाख, तोंडावर जाळी, हातात काठी, आणि त्या काठीने एक काळी रबरी चकती पळवायची. ती चकती समोरच्यांच्या गोलात घालायची, बस, एवढाच खेळ. पण तुम्हाला सांगते, ही पोरगी काय पळते बर्फावर! मी पहिल्यांदा पाहायला गेले, रबरी चटयांवरून जपून चालत, नाकात ओल्या हातमोज्यांचा तो कुबट वास, मांडीवर चहाचा थर्मास, आणि काचेपलीकडून ही अशी सर्रकन गेली की मी शेजारच्या बाईंना म्हटलं, 'कोण हो ती?' 'अहो, तुमचीच नात!'

पळते, चकती मिळवते, सगळ्यांना मागे टाकते, इथवर सगळं उत्तम. आणि मग येते कपाट. कपाट म्हणजे त्याच संघातली एक पंधरा वर्षांची मुलगी, हे नावही मी ठेवलेलं नाही, पण ज्याने ठेवलं त्याची निरीक्षणशक्ती चांगली आहे, ती समोर आली की मागचं काही म्हणून दिसत नाही. सरावात ती हिच्या पुढ्यात आली, काठीसुद्धा उचलली नाही, नुसती म्हणाली, 'ए, दे.' आणि आमची मुंगी काय म्हणाली असेल? 'हं, घे.' वर आणखी 'सॉरी'!

शिट्टी वाजली. त्यांच्या प्रशिक्षक बाईंना सगळ्या मुली शिट्टीबाई म्हणतात, कारण शिट्टी दातांत धरूनच त्या बोलतात, प्रत्येक 'स' फुर्र करून उडतो. 'अगं, खेळ चाललाय की दानधर्म? कोणी मागितलं की देऊन टाकतेस?' आणि मग त्या माझ्याकडे आल्या, काचेच्या कडेला. 'आजी, एवढी वेगवान मुलगी माझ्याकडे दुसरी नाही. पण चकती हिच्यापाशी राहतच नाही. अंग मधे घालत नाही, जागा सोडते, बाजूला होते. हिला असं घरी कोणी शिकवलंय का हो?'

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

तीन आठवड्यांनी निवडीचा सामना. बावीस मुली, त्यांतल्या पंधरा घेणार, आणि ज्या राहतील त्यांना पुन्हा संधी नाही, कारण पुढच्या वर्षी वयाचा गट बदलतो. शिट्टीबाईंनी स्पष्टच सांगितलं, 'चकती राखायला शिकली तर घेईन. नाही तर नुसतं पळण्यासाठी माझ्याकडे जागा नाही.' मला वाटलं घरी येऊन ही रडेल, आदळआपट करेल. कुठलं काय! पॅसेजमध्ये खाली बसून बुटांची पाती फडक्याने पुसत होती, एकेक थेंब टिपून, आणि अगदी शांतपणे मला म्हणते, 'आजी, मला नाही घेतलं तरी चालेल. ज्यांना जास्त हवंय त्यांना मिळू दे.'

आता यात वाईट काय, असंच म्हणाल ना तुम्ही? मीही आयुष्यभर तेच म्हणत आले. पण तिचं ते बोलणं ऐकलं आणि... काय झालं, ते वाक्य माझं होतं हो. शब्दन् शब्द माझं. मी एकोणीस वर्षांची होते, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची एक जागा होती, शेवटी दोघीच उरलो, मी आणि आणखी एक. ती बाहेरच्या बाकावर मुसमुसत होती. मी आत गेले आणि साहेबांना म्हणाले, 'तिला द्या. तिला जास्त हवंय.' केवढं कौतुक झालं माझं घरी! पुढे सासरच्यांनाही वडील हेच सांगत, मुलगी किती समंजस! ती दुसरी त्या ऑफिसची प्रमुख होऊन निवृत्त झाली, अजून भेटली की माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणते, 'तुमच्यामुळे हो सगळं!' चांगली आहे बाई, माझा राग नाही. पण दोन महिने आरशासमोर उभं राहून मी 'नंबर प्लीज' म्हणायचा सराव केला होता, आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा... आजही घरातला फोन वाजला की उचलताना मी मनात आधी तेच म्हणते. नंबर प्लीज. मग मोठ्याने, हॅलो. पंचावन्न वर्षं झाली.

हो, हो, एक मिनिट, आत जायचंय का तुम्हाला? रिपोर्ट ठेवायचाय फक्त? या ना, या, जरा अंग चोरून या, मला आत्ता हलता येत नाहीये... हां. आयुष्यभर मी कोणाच्या वाटेत उभी राहिले नाही, आणि आज बघा!

तर काय सांगत होते... त्या संध्याकाळी मी म्हटलं, 'मुंगे, ऊठ. काढ ती काठी.'

शिट्टीबाईंनी एका कागदावर चकती राखण्याचे नियम लिहून दिले होते. अक्षर असं की चालत्या गाडीत लिहिलंय की काय! मी ते सगळं नीट समास सोडून, वळणदार अक्षरात उतरवून काढलं आणि त्या प्रशस्तिपत्रकाच्या खाली चिकटवलं. गुडघे वाकव. पाय फाकव. समोरची आणि चकती यांच्या मधे आपलं अंग घाल. चकती नेहमी पलीकडच्या बाजूला. पाहायचं चकतीकडे नाही, मान वर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कोणी ढकललं तर तो जोर पाठीला कळला पाहिजे. डावीकडून रेटा आला तर उजवीकडे फिरायचं, उजवीकडून आला तर डावीकडे, पण फिरताना चकती सोडायची नाही.

पॅसेज पंधरा फूट लांब, चार फूट रुंद. फरशी गुळगुळीत, आणि पायात लोकरीचे मोजे घातले की, तुम्हाला सांगते, बर्फाची काही गरजच नाही! मुंगीकडे तिची काठी, माझ्याकडे माझी चालायची काठी. माझ्या खुब्यावर सोफ्याची उशी, ती बांधली अंघोळीच्या गाऊनच्या पट्ट्याने. म्हटलं, मी कपाट. ये.

पहिल्याच क्षणी काय झालं? तिने नियमाप्रमाणे माझ्याकडे पाठ केली, आणि लगेच वळून म्हणाली, 'सॉरी आजी, तुझ्याकडे पाठ केली.' मी ओरडले, 'पाठ कर! मोठ्या माणसांकडे पाठच करायची!' ...हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला वाटलं, आता ते भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक आपण होऊन खाली पडणार. मग मी तिला खुब्याने जरा एक धक्का दिला, तर 'सॉरी'! धक्का माझा, सॉरी तिचं! म्हटलं, आता याला शिस्तच हवी. एका सॉरीला दहा ओळी: 'चकती माझी आहे.' सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता. पहिल्या दिवशी तिने एकशे चाळीस ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी नव्वद. चौथ्या दिवशी मी तिच्या पाठीवर रेटा दिला, आणि ती अशी सरकन उजवीकडे फिरली, गुडघे वाकलेले, मान वर, की मी माझ्याच वेगाने पुढे जाऊन छत्र्यांच्या स्टँडला मिठी मारली. 'लागलं का?' म्हणाली. सॉरी नाही म्हणाली! मला इतका आनंद झाला की रडूच आलं, आणि मग वाटलं, अगं बाई, हे आपण काय करतोय? तेरा वर्षांची मेहनत चार दिवसांत मोडतोय. अंगावरचं वळण उसवायचं म्हणजे... आपणच घातलेली शिवण, आपल्याच हाताने. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

पण खरी मेख पुढेच होती. अंगाने ती शिकली, पण कान! कोणी 'दे' म्हटलं की हात आपोआप सैल. मी नुसतं हळूच म्हटलं, 'बाळ, दे गं,' की चकती माझ्या पायाशी हजर. म्हणजे दुखणं पायांत नव्हतंच, कानांत होतं, आणि त्या कानांत ते घातलं होतं मी. तेव्हा मी ठरवलं, सराव कानांचाच करायचा. मी 'दे' म्हणणार, आणि तिने द्यायची नाही. रागावून म्हणाले, 'दे म्हणते ना!' लाडाने म्हणाले, 'माझं सोनं ते, दे.' व्यवहाराने म्हणाले, 'जरा बघते आणि परत देते.' फसवून म्हणाले, 'अगं, मी तुझ्याच बाजूची, मला दे!' आणि ती प्रत्येक वेळी मला पाठ दाखवून, 'नाही देत!' पहिल्यांदा कुजबुजून, मग जरा मोठ्याने, आणि दुसऱ्या आठवड्यात असं खणखणीत की शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं.

आणि अशातच, निवडीला चार दिवस उरलेले असताना, मी जरा जास्तच रंगले. मान्य करते. मी छातीला हात लावला, भिंतीला टेकत टेकत खाली बसले आणि क्षीण आवाजात म्हणाले, 'मुंगे... दे गं...' आणि मुंगी माझ्याकडे पाठ करून, खाली वाकून, खणखणीत, 'नाही देत! काही झालं तरी नाही देत!' आणि नेमकं त्याच क्षणी दाराला किल्ली लागली आणि सूनबाई आत!

तिने काय पाहिलं असेल, डोळ्यांसमोर आणा जरा. सासू जमिनीवर, हात छातीला, खुब्याला उशी बांधलेली... 'अगं, काय देत नाहीस आजीला? औषध का? पाणी?' पिशवी खाली, फोन कानाला, 'ॲम्ब्युलन्स!' आणि मुंगी इतकी तयार झालेली की तोवरही वळून पाहीना! 'आई, जाऊ नकोस जवळ, ती खोटं बोलतेय!' ...पुढचा अर्धा तास मी तुम्हाला सांगत नाही. सूनबाईने ती चकती आपल्या पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाली, आवाज न चढवता, तेच जास्त लागतं, 'आई, तुमच्या खुब्याला काही झालं तर मी यांना काय तोंड दाखवू? आणि मुलीला हे असं शिकवतात? आजी तडफडली तरी पाठ फिरवायची?' मी मान खाली घातली. चूक होती का तिची? नव्हती हो. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि जास्त शब्दांत. पुढचे चार दिवस ती कामाला गेली की आम्ही लोणच्याच्या बरणीचं झाकण घेऊन सराव केला. या घरात मी कधी कोणापासून काही लपवलेलं नव्हतं. त्या चार दिवसांत सूनबाई काही विचारायला आली की मला घाम फुटायचा.

निवडीचा दिवस. संघातल्याच मुलींचे दोन गट केले, अर्ध्या पांढऱ्या जर्सीत, अर्ध्या निळ्या. मुंगी पांढऱ्यात, कपाट निळ्यात. मी माझ्या जागेवर, मांडीवर थर्मास, पण चहा ओतायची हिंमत नाही. किती गोल झाले, कोणाचे झाले, मी पाहिलं नाही, खरंच सांगते, खेळ संपेपर्यंत मी फलकाकडे एकदाही पाहिलं नाही. मी फक्त मुंगीची पाठ पाहत होते. नंतर कळलं की पांढऱ्या दोन, निळ्या तीन. म्हणजे आमच्या मुली एका गोलाने मागे. आणि घड्याळावर उरलेले बेचाळीस सेकंद.

चकती आली मुंगीकडे. आणि समोरून कपाट. 'ए, दे!'

काय सांगू तुम्हाला! मुंगीने पाठ केली. वाकली. पाय फाकवले. चकती पलीकडे. कपाटाने डावीकडून रेटा दिला, ही उजवीकडे फिरली. उजवीकडून दिला, डावीकडे. एक निळी आणखी आली, मग तिसरी, तिघींनी मिळून तिला मैदानाच्या कोपऱ्यात दाबली, आणि ही त्यांच्यामधे अशी फिरतेय, अशी फिरतेय, जसा भोवरा! मी उभी! मीही वाकलेली, गुडघे फाकवून, डावीकडे, उजवीकडे, आणि शेजारच्या बाईंना प्रत्येक वळणावर माझा खुबा! 'अहो आजी!' 'सॉरी... नाही, सॉरी नाही!' वीस सेकंद. पंधरा. आणि तेवढ्यात तिच्याच बाजूच्या मुली ओरडायला लागल्या. गोलासमोर दोघी मोकळ्या उभ्या, कोणी अडवणारं नाही, नुसती यांच्याकडे ढकलली की गोल, की बरोबरी! 'मुंगे, दे! अगं दे ना! आम्ही तुझ्याच बाजूच्या, आम्हाला दे!'

...आणि तोंडावरच्या जाळीआडून मुंगी हसली. मी पाहिलं. तिने त्यांच्याकडेही पाठ केली.

तुम्हाला कळलं ना? मी शिकवलं होतं हो! 'मी तुझ्याच बाजूची' हे मीच शिकवलं होतं, त्याच आवाजात! तिला वाटलं, ही तर आजीची युक्ती! लाडाने म्हणा, रागाने म्हणा, रडून म्हणा, नाही देत! गोलरक्षक मुलगी आपला गोल सोडून धावत आली, 'मुंगे, तुझ्या पाया पडते, दे!' तर तिलाही पाठ! दोन्ही बाजूंच्या सगळ्या मिळून एका मुलीच्या मागे, आणि ती कोपऱ्यात, काळी चकती काठीच्या कुशीत घेऊन... आणि भोंगा वाजला. संपलं. पांढऱ्या हरल्या.

कपाट बर्फावर फतकल मारून बसलेली, धापा टाकत. पांढऱ्या मुली मुंगीकडे अशा पाहतायत की मला बघवेना. आणि ही? ही सरळ काचेपाशी आली, जाळी वर केली, लालबुंद तोंड, डोळ्यांत असा उजेड, असा उजेड मी तिच्या डोळ्यांत तेरा वर्षांत पाहिला नव्हता, आणि काचेला तोंड लावून म्हणाली, 'आजी! कोणालाच नाही दिली!'

तिच्या डोक्यावर, मागे फलकावर, दोन-तीन. मी काय सांगू तिला? तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं? मी काचेवर टाळ्या वाजवल्या.

मग शिट्टीबाई हातात यादी घेऊन मुलींच्या खोलीकडे निघाल्या. तो बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर बूट. मी थर्मास ठेवला, काठी घेतली आणि बोळात मधोमध जाऊन उभी राहिले. 'आजी, जरा बाजूला होता?' मी म्हटलं, 'नाही.' त्या डावीकडून निघाल्या, मी डावीकडे. त्या उजवीकडून, मी उजवीकडे. गुडघे वाकवून, मान वर! आयुष्यभर मी कोणाच्या वाटेत उभी राहिले नाही, तुम्हाला सांगितलंच, पण त्या दिवशी राहिले, आणि म्हटलं, 'यादी वाचण्याआधी ऐकून घ्या. ती चुकली नाही. चूक माझी आहे. आधी तिला सगळं देऊन टाकायला मी शिकवलं, आणि मग कोणालाच द्यायचं नाही हेही मीच शिकवलं, कोणाला द्यायचं ते मला सांगता आलं नाही, कारण ते मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा नाव खोडायचं असेल तर... पाहायला येणाऱ्यांत माझं खोडा. मी पुन्हा येणार नाही. पण तिचं ठेवा.'

शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडातून काढली. पहिल्यांदाच. 'आजी,' त्या म्हणाल्या, 'बेचाळीस सेकंद. शेवटी शेवटी तर सहा जणी. माझ्या वीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. नाव आहे तिचं यादीत, मघाशीच लिहिलंय. फक्त एक अट आहे. महिन्याभरात तिला द्यायला शिकवा. आपल्या मुलीने मागितली की द्यायची. घरी तुम्हीच शिकवता ना? जमेल?'

जमेल? मला? तेरा वर्षं मी दुसरं काय शिकवत होते!

त्या पुढे निघाल्या, मी बाजूला व्हायला गेले, आणि तिथे, बरोबर तिथे, हा खुबा अडकला. दोन मुलींनी धरून मला गाडीपर्यंत नेलं. त्यांतली एक कपाट. ताकद आहे हो पोरीत, आणि मनाने फार चांगली. सूनबाईला अजून सांगितलेलं नाही, इथे मी दात दाखवायला आलेय असं तिला वाटतंय.

आणि द्यायला शिकवायचं म्हणाल... काल तेही करून पाहिलं. ही अशी चौकटीला धरून, म्हटलं, 'मुंगे, आता उलटा सराव. मी खरंच तुझ्या बाजूची. मी दे म्हटलं की द्यायची. दे.' तिने पाठ केली. गुडघे वाकवले. मान वळवून माझ्याकडे पाहिलं, गोड हसली आणि म्हणाली, 'आजी, ही युक्ती तर जुनी झाली!' अर्धा तास प्रयत्न केला हो मी. लाडाने, रागाने, खरं खरं. शेवटी दिला नाद सोडून. सोडून द्यायला मला आवडत नाही, पण तेवढं एक मला पाठ आहे.

काय? कोणाचा नंबर? तेरा माझाच. चौदा तुमचा? तुम्हाला आधी जायचंय, कामाची वेळ होतेय? अहो मग विचारता काय, जा ना, जा! मला कसली घाई आहे? आयुष्यभर मी कोणाच्या वाटेत उभी राहिले नाही, थांबा हं, ही झाले बाजूला... होतेच आहे... जरा... नाही हो. नाही होत. तुम्ही डावीकडून? तिकडे चौकट आहे. उजवीकडे मी आहे. मग आता एकच उपाय दिसतो. मागून या, आणि मला एक धक्का द्या, खुब्याने, नीट जोर लावून, म्हणजे मी आधी आत जाते आणि मागोमाग तुम्ही. द्या, लाजू नका.

आणि सॉरी तेवढं म्हणू नका. उगाच दहा ओळी लिहाव्या लागतील.